भिंतीसाठी गोडे पाणी

शेगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या सात खोल्या आहेत. दर्शनाला आलेली माणसे तेथे एक रात्र, फार तर दोन रात्री उतरतात आणि पुढच्या गाडीने निघून जातात. सहा खोल्यांना चुना आहे. सातवी, रस्त्याकडची मोठी खोली मात्र फिकट पिस्त्याच्या रंगाची आहे. सकाळी नऊच्या सुमारास तिच्या पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन तिरपे आत येते आणि भिंतीला घासून जाते. रंगकामातील दोष पाहायचे असतील तर हीच वेळ. एरवी सपाट दिसणाऱ्या भिंतीवर त्या उन्हात ब्रशचा प्रत्येक फटकारा उघडा पडतो. पाहुण्यांना ती खोली मी शक्यतो त्याच वेळी दाखवतो. अभिमान हा शब्द माझ्यासारख्याने जपून वापरावा, हे मला कळते. तरीही या भिंतींपुढे उभा राहिलो की दुसरा शब्द सापडत नाही.

मी मूळचा उंद्रीचा. तिकडच्या विहिरींचे पाणी गोड आहे, आणि ते गोड आहे हे मला शेगावात येईपर्यंत ठाऊक नव्हते. येथे अंगणातील विहिरीचे पाणी खारे. अंघोळ, धुणे, गुरे, बांधकाम सारे त्यावर चालते. पिण्याचे आणि डाळ शिजवण्याचे पाणी नाल्यापलीकडच्या मळ्यातील विहिरीवरून डोक्यावर आणायचे, ओल्या फडक्याने झाकून ठेवायचे. पाहुणा आला की त्याला गुळाचा खडा देण्याआधी गोडे पाणी देतात. तेच पाणी कोणी हातपाय धुण्यास घेतले तर घरात दोन दिवस बोलणी बसतात. माझी पत्नी याच खाऱ्या मुलखातली, पूर्णेकाठची. तिने मला ही शिस्त शिकवली. दहा वर्षांत मी ती इतकी अंगी बाणवली की तिच्यापेक्षाही कडक झालो. परगावाहून आलेल्या माणसाला स्थानिक रीत पाळण्याची जरा अधिकच हौस असते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील. तोवर आमच्याकडे भिंत रंगवणे म्हणजे चुना आणि त्यात चिमूटभर नीळ. डिस्टेंपरची पूड डब्यांतून खामगावच्या दुकानांत येऊ लागली होती. रामनवमीच्या यात्रेपूर्वी मोठी खोली त्या पुडीने रंगवावी, असे मी ठरवले. स्टेशनच्या रस्त्यावर असे कोणी केले नव्हते, हेच त्यातले मुख्य कारण होते.

रंगारी दुसरबीडचा होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, अंगाने शेलाटा, बोलणे बेताचे. सारे त्याला मिस्त्री म्हणत. बायकामुले गावी ठेवून तो एकटा आला होता आणि मालधक्क्यामागच्या एका छपरीत राहत होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला कापसाच्या एका अडत्याने नवे दुमजली घर बांधले होते. त्या शेठजींनी मिस्त्रीला सांगितले होते, "आधी भाऊची खोली करून दाखव. हात पाह्यतो तुया. पसंत पडला त सगळं घर तुले." ते घर म्हणजे वर्षभराचे काम होते. ते मिळाले तर तो भाड्याची खोली घेणार होता आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, बायकामुलांना आणणार होता. हे त्यानेच मला पहिल्या दिवशी सांगितले, बहुधा मी त्याच्या कामाकडे नीट लक्ष द्यावे म्हणून.

पूड कालवण्याआधी त्याने अंगणातील विहिरीचे पाणी ओंजळीत घेतले, जिभेला लावले आणि थुंकून टाकले. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, रंगाला गोडं पाणी मिळंल का? आमच्या उस्तादाचं सांगणं होतं, पिता येत न्हाई ते पाणी रंगात घालू नये."

ओसरीवर पाचसहा यात्रेकरू बसले होते. पत्नी आतून घागर घेऊन येत होती. मला विनोद सुचला.

"काऊन, मिस्त्री? भिंतीले काय च्या करून पेयाचा हाये?"

सारे हसले. मिस्त्रीही ओठांतल्या ओठांत हसला आणि विहिरीकडे गेला. त्याने पुन्हा विचारले नाही.

चार दिवसांत खोली झाली. काम संपले त्या संध्याकाळी ती इतकी देखणी दिसली की मी कंदील घेऊन दोनदा आत जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेठजी पाहायला आले. सोबत त्यांचे दोन व्याही होते. मी मोठ्या दिमाखात दार उघडले. नऊ वाजले होते, ऊन भिंतीवर होते.

भिंतीवर पांढरे डाग उठले होते. कोठे वीतभर, कोठे परातीएवढे, कडेला भुरभुरीत. जेथे ब्रशचा एक फटकारा दुसऱ्यावर चढला होता तेथे पांढरट पट्टे उभे होते, जणू कोणी ओल्या राखेची बोटे ओढली असावीत. व्याह्यांपैकी एक जण खाकरला. शेठजी माझ्याकडे पाहू लागले.

त्या क्षणी मी जे बोललो ते आजवर कागदावर कधी लिहिले नव्हते. मी म्हणालो, "शेठजी, म्या त पुरे डबे आनून देल्ले होते. पूड कुठीसा गेली ते ह्यालेच इचारा. पानी जास्त अन् पूड कमी, असंच दिसते."

माझा आवाज जन्मतःच मऊ आहे. मी ओरडलो असतो तर ऐकणाऱ्यांनी रागाचे बोलणे म्हणून त्यातले अर्धे सोडून दिले असते. मी मऊ आवाजात, थोडी खंत मिसळून बोललो, म्हणून तिघांनीही ते खरे मानले. मिस्त्री दारात उभा होता. त्याने एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा अंगणातल्या विहिरीकडे, आणि ब्रश पुसून पिशवीत ठेवला. निघताना मला नमस्कारही केला. दुपारी शेठजींच्या माणसाकडून कळले की घराचे काम अकोल्याच्या रंगाऱ्याला द्यायचे चालले आहे आणि मिस्त्रीला येऊ नको असे सांगितले आहे.

संध्याकाळी पत्नी खोलीत आली. तिने डागावर बोट फिरवले, बोटाला लागलेली भुकटी पाहिली आणि बोट जिभेवर ठेवले.

"खारं हाये," ती म्हणाली. "लोणा हाये हा. पाह्यता काय, चाखून पाहा."

मी चाखले. मिठाची ती कडवट चव जिभेवर कितीतरी वेळ राहिली.

"आमच्याकडं काळं लुगडं खाऱ्या पान्यात धुतलं की सुकल्यावर काठाले असाच पांढरा पट्टा येते," ती म्हणाली. "चुना मुळातच पांढरा, त्याच्यात लोणा कोनाले दिसते? हा रंग हिरवा, म्हनून दिसला. त्या मानसानं गोडं पानी मांगतलं होतं ना तुमाले?"

"तू तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तुमी मले इचारलं काय? तुमी त हासत होते." बोट पदराला पुसून ती म्हणाली, "मीबी हासली. चूकच झाली."

तिने आपला वाटा उचलला, पण माझा हलका केला नाही. मी रात्रभर हिशोब मांडत बसलो नाही. त्याची गरजच नव्हती. चूक करणारा मी, ती झाकण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुढे करणारा मी. अज्ञान क्षम्य होते. ते व्याह्यांसमोरचे वाक्य क्षम्य नव्हते, कारण ते बोलताना ते खरे आहे की नाही याचा मी विचारच केला नव्हता. मला फक्त माझी मान खाली जाऊ द्यायची नव्हती.

सकाळी छपरीत गेलो. मिस्त्री वळकटी बांधत होता. त्याच्याभोवती मालधक्क्यावरचे चारपाच हमाल बसले होते. त्यांना बाजूला जायला सांगावे असे मनात आले, पण आदल्या दिवशी मी कोणाला बाजूला जायला सांगितले नव्हते. सर्वांदेखत म्हणालो, "मिस्त्री, पूड पुरी होती. खोट माह्या पान्यात होती. म्या लबाड बोललो. मले माफ करा."

तो बराच वेळ वळकटीची दोरी ओढत राहिला. मग म्हणाला, "माफी घिऊन काय करू, भाऊ? पाणी आणा."

"किती पाह्यजे?"

"चार भिंती धुवायच्या, सरस लावायचा, मग दोन हात रंगाचे. लई लागंल. अन् गड्याच्या हातानं आणू नका. तुमीच आणा. लोकांनी पाहिलं पाहिजे."

हा मागणी करणारा माणूस तोच, ज्याने दोन घागरी पाण्यासाठी पुन्हा तोंड उघडले नव्हते. मला वाईट वाटले नाही. उलट त्याने मला करता येण्यासारखे काहीतरी दिले, म्हणून हायसे वाटले.

मळा एका भाजीवाल्या कुटुंबाचा होता. घरातली म्हातारी विहिरीवर बसून असे आणि कोणाची घागर आधी हे ठरवी. मी भिंतीसाठी पाणी मागताच तिने कपाळावर हात मारला. "माय माय! बाया पाह्यटपासून लायनीत राह्यतात, अन् हा मानूस भिंतीले पानी मांगून राह्यला!" तिचे म्हणणे अगदी बरोबर होते आणि मी तसे बोलून दाखवले. शेवटी तिने परवानगी दिली, पण अटी घातल्या. ऐन दुपारी यायचे, जेव्हा विहिरीवर एकही बाई नसते. पाणी स्वतः ओढायचे. आणि जितक्या कावडी नेल्या तितक्या आधी तिच्या वांग्याच्या वाफ्यांना घालायच्या.

चैत्रातली दुपार होती. खांद्यावर कावड, दोन्हीकडे भरलेल्या घागरी, आणि बाजारातून स्टेशनपर्यंतचा रस्ता. माझा चहाचा विनोद तोपर्यंत गावभर झाला होता. यात्रेकरूंनी तो पसरवला की पत्नीने मैत्रिणींना सांगितला, हे मी आजवर विचारले नाही. पहिल्याच फेरीला पानवाला ओरडला, "काय भाऊ, च्या ठेवला काय भिंतीले?" दुसऱ्या फेरीला कापडवाला: "साखर कमी टाका, भिंत जाड होईन!" तिसऱ्या दिवशी तर शाळेचे मास्तरही गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमच्या भिंतीलाही बोलवा कधी चहाला." मी प्रत्येकाला एकच उत्तर दिले, "मिस्त्रीनं गोडं पानी मांगतलं होतं, म्या नाई देल्लं." सुरुवातीला हे वाक्य जड गेले. दहाव्या फेरीपर्यंत ते घागरीइतकेच सवयीचे झाले.

खोलीत मात्र मी शिष्य होतो. मला वाटले होते, डागांवर पाणी मारले की ते निघतील. मिस्त्रीने हात धरला. लोणा पाण्याने पुसला तर विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो आणि सुकल्यावर बाहेर येतो. आधी कोरड्या कुंच्याने झाडायचा, खाली पोते अंथरून भुकटी गोळा करायची आणि घराबाहेर नेऊन टाकायची. एक दिवस थांबायचे. पुन्हा उठला तर पुन्हा झाडायचा. आम्ही तीनदा झाडला. मग गोड्या पाण्याने, फडके सारखे बदलत, जुना रंग उतरवला. दोन दिवस भिंत सुकू दिली. मग सरसाचा, म्हणजे खळीसारख्या चिकट पाण्याचा, पातळ हात. त्यामुळे भिंत सगळीकडे सारखीच तहानलेली राहते, तो म्हणाला. एरवी एखादी जागा रंग ढसाढसा पिते, एखादी पीतच नाही, आणि तेथेच चट्टे पडतात.

पूड त्याने चारही भिंतींना पुरेल इतकी एकाच पिंपात कालवली, पत्नीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळली. दोनदा कालवलेला रंग कधी एक होत नाही, हे मला तेव्हा कळले. एक भिंत एका दमात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कड ओली असतानाच पुढचा हात तिच्यावर चढला पाहिजे. कड सुकली की पट्टा उमटला. आणि अर्धवट सुकलेल्या जागी पुन्हा ब्रश लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. एकट्याने उंच भिंत अशी होत नाही, म्हणून मिस्त्री घोडीवर चढून वरचा भाग करी आणि मी त्याच्या बरोबरीने खाली सरकत जाई. वरून तो फक्त "हं" म्हणे, आणि मी पुढचा हात मारी. त्या "हं"च्या लयीत मला जो आनंद झाला तो खोल्यांचे मालकपण मिळाले तेव्हाही झाला नव्हता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी प्रथमच एक गोष्ट नीट शिकत होतो.

तीन भिंती निर्दोष झाल्या. चौथी, उत्तरेची, दुसऱ्या हाताला पूर्वेच्या खिडकीपर्यंत येत आली होती. तोच खिडकीच्या गजांतून पानवाल्याने तोंड घातले.

"काय बे मिस्त्री, नवा गडी कसा हाये? रोजी देतो का फुकट राबवतो?"

मिस्त्री वरचा हात मारत राहिला. उत्तर द्यायची हौस मला. मी ब्रश थांबवून वळलो आणि म्हणालो, "गडी पक्का हाये, पान त तुया हातचं कच्चं असते!" पानवाला हसत गेला. मी वळलो तेव्हा मिस्त्रीचा वरचा हात खिडकीपर्यंत पोचला होता आणि माझी कड सुकली होती. घाबरून मी तीवर ब्रश फिरवला.

"नको, भाऊ," वरून आवाज आला, पण उशीर झाला होता.

सुकल्यावर तेथे पट्टा उमटला. खिडकीपासून दोन हातांवर, कमरेच्या उंचीला, वीतभर रुंद. पिंपात रंग उरला नव्हता. मिस्त्रीने घोडीवरून उतरून तो पाहिला आणि एवढेच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

शेठजींना बोलावणे करायला मी स्वतः गेलो. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या मुनिमासमोर, जे व्याह्यांसमोर बोललो होतो ते खोटे होते असे सांगितले आणि नऊ वाजता या असेही सांगितले. अकोल्याच्या रंगाऱ्याशी त्यांचे अजून पक्के ठरले नव्हते. ते आले. आम्ही दोघे दारात उभे होतो. त्यांनी एकेका भिंतीजवळ डोके तिरपे करून पाहिले, तळहात फिरवला, हाताला भुकटी लागते का ते तपासले. मग शहाण्या गिऱ्हाइकाप्रमाणे बोट जिभेला लावले. गावात सर्वांना तोवर भिंत चाखायची सवय लागली होती. उत्तरेच्या भिंतीशी, खिडकीजवळ ते थांबले.

"मिस्त्री, हा पट्टा?"

त्या पट्ट्यावर एका माणसाचे वर्षभराचे काम आणि त्याची बायकामुले अडकली होती. मी बोलण्यास तोंड उघडले, पण मिस्त्री माझ्या आधी बोलला. त्याने प्रथमच मोठ्याने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे म्हटले, "ते मालकाच्या हातचं हाय. बाकी माझं."

शेठजींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हाव. माह्याच हातचं हाये."

ते पोट धरून हसू लागले. "उद्यापासून ये रे मिस्त्री," ते म्हणाले. "घर तुले देल्लं. पानी मी पुरवतो, गोडं. फकत एक काम कर. ह्या भाऊले संगं आनू नको."

त्या वाक्याने मला जितका अभिमान वाटला तितका माझ्या कोणत्याही स्तुतीने वाटलेला नाही. आखाजीनंतर मिस्त्रीचे बिऱ्हाड आले. त्याची मुलगी आता आमच्याच रस्त्यावरच्या शाळेत जाते.

या गोष्टीला काही वर्षे झाली. पावसाळ्यानंतर फरशीलगत चार बोटे लोणा पुन्हा उठतो, तो मी कोरड्या कुंच्याने झाडतो. पाहुण्यांच्या पाठी टेकून भिंत काही ठिकाणी गुळगुळीत झाली आहे. मिस्त्री येता-जाता म्हणतो, "भाऊ, आता नवा हात मारू." मी पुढच्या वर्षी म्हणतो.

कारण रोज सकाळी नऊ वाजता उतारूंपैकी कोणी तरी त्या खिडकीशी थांबते आणि विचारते, "खोली झकास आहे, पण इथे रंगारी चुकला वाटते?" मी माझ्या त्याच मऊ आवाजात, शक्य तितक्या स्पष्टपणे सांगतो, "रंगारी नाही चुकला. तो पट्टा माझा आहे." मग त्यांना बसवतो आणि गोडे पाणी देतो.